वस्तू हातातून गेली कशी?

औरंगपुऱ्याच्या बाजारात 'चोरी' हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. जिल्हा परिषदेजवळ लावलेली दुचाकी नाहीशी झाली, ती चोरी. मंडईतल्या भाजीवालीच्या पिशवीतले पैसे गेले, ती चोरी. सराफ्यातला कारागीर दागिन्यांसाठी दिलेलं सोनं घेऊन पसार झाला, तीही चोरी. ओटीपी विचारून कुणीतरी खातं रिकामं केलं, घरमालकानं भाडेकरूच्या दुकानाला स्वतःचं कुलूप ठोकलं, भागीदारानं गल्ला उचलला, या साऱ्याला गुलमंडीपासून निराला बाजारपर्यंत एकच नाव आहे. कायदा मात्र यातल्या पहिल्या दोन प्रकारांनाच चोरी म्हणतो. बाकीच्यांची नावं निराळी, शिक्षा निराळ्या, आणि एखाद्या वेळी तर त्यात फौजदारी गुन्हाच नसतो.

फिर्याद द्यायला गेलेला माणूस काय गेलं आणि किती किमतीचं गेलं, हे सांगत असतो. कायद्याचा पहिला प्रश्न मात्र ते तुमच्या ताब्यातून गेलं कसं, हा असतो. तुम्हाला न विचारता गेलं, तुम्ही विश्वासानं दिलं, खोटं ऐकून दिलं, भीतीपोटी दिलं, की ते कुठेतरी पडून राहिलं? पुढची सगळी कलमं या एका उत्तरावरून ठरतात. फिर्यादीत नेमकी हीच गोष्ट एका ओळीत उरकली जाते, म्हणून हा आढावा.

या व्याख्या जुन्या आहेत. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये भारतीय दंड संहिता झाली. आपल्या शहरात ती बरीच उशिरा आली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद संस्थानाची दंड संहिता वेगळी होती. १९४८ च्या मुक्तीनंतर, १९५१ च्या एका केंद्रीय कायद्यानं भारतीय दंड संहिता इथे लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. कलमांचे आकडे बदलले. चोरीचं ३७९ आता ३०३ झालं, घरातल्या चोरीचं ३८० आता ३०५, दरोड्याचं ३९५ आता ३१०, आणि बोलीभाषेत मुरलेलं चारसोवीस आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात आहे. व्याख्यांचा गाभा मात्र बराचसा तोच राहिला, त्यामुळे जुने निवाडे अजून उपयोगी पडतात.

आपल्याकडच्या फिर्यादींत एक ठरलेलं वाक्य असतं: अज्ञात चोरट्यानं माझ्या संमतीशिवाय मुद्दाम लबाडीच्या इराद्यानं चोरून नेलं. लिहिणारा हवालदार ते सवयीनं लिहितो, पण त्यातला प्रत्येक शब्द कायद्यानं मागितलेला आहे. वस्तू जंगम हवी, ती कुणाच्या तरी ताब्यात हवी, ताबेदाराची संमती नसावी, नेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा आणि वस्तू हलवलेली हवी. पाचांपैकी एक गोष्ट नसेल तर चोरी नाही.

अप्रामाणिक हेतू म्हणजे कुणाला तरी गैरलाभ किंवा गैरहानी करण्याचा हेतू. वस्तू कायमची बळकावण्याचा विचार असलाच पाहिजे असं नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थीनं परवानगी नसताना विमान उडवलं आणि ते पाकिस्तानात उतरलं. विमान परत करायचंच होतं, मग चोरी कसली, हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये फेटाळला. सरकारच्या ताब्यातली वस्तू तात्पुरती काढून घेतली, तेवढं पुरे. १९६३ चा आणखी एक निवाडा राजस्थानातलाच आहे. कार्यालयातली फाइल घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत ठेवणारा अधीक्षक चोरीसाठी दोषी ठरला. 'फक्त एक चक्कर मारायला नेली होती' असं म्हणत दुसऱ्याची मोटारसायकल पैठण गेटला सोडून देणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे दोन्ही निवाडे ध्यानात ठेवावेत.

ताबा हा चोरीचा प्राण आहे, मालकी नव्हे. हे पचायला सगळ्यात जड जातं. कायद्याच्या उदाहरणांत घड्याळाची गोष्ट आहे. दुरुस्तीला दिलेलं स्वतःचं घड्याळ दुरुस्तीचे पैसे थकवून दुकानातून गुपचूप उचललं, तर मालकच चोर ठरतो, कारण मजुरी मिळेपर्यंत घड्याळ ठेवून घेण्याचा दुकानदाराला हक्क असतो. पैसे देणं नसेल तर तीच कृती चोरी होत नाही. रंगारगल्लीत रंगवायला दिलेल्या कापडाला आणि सराफाकडे गहाण ठेवलेल्या पाटल्यांना हाच न्याय लागतो. भाड्याच्या दुकानालाही. दुकान घरमालकाचं असेल, पण आतला माल भाडेकरूच्या ताब्यात असतो. भाडं थकलं म्हणून तो परस्पर बाहेर काढून नेणारा मालक आपण चोरीच्या किती जवळ जातो, याचा विचार करत नाही. नुसतं कुलूप ठोकलं तर चोरी होत नाही. तिथे अतिक्रमण, आगळीक किंवा दिवाणी दावा अशा वाटा तपासाव्या लागतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वस्तू माझीच आहे अशा प्रामाणिक समजुतीनं कुणी ती उचलली, तर समजूत चुकीची ठरली तरी चोरी होत नाही. तळ्यातल्या माशांच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व साठच्या दशकात स्पष्ट केलं. हप्ते थकलेली गाडी वित्त कंपनी उचलून नेते तेव्हाही न्यायालयं हेच पाहतात. १९७९ च्या एका ट्रकच्या प्रकरणात हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पण २००७ मध्ये त्याच न्यायालयानं बँकांना वसुलीसाठी गुंड वापरण्याबद्दल खडसावलं. कराराचा हक्क असला म्हणून रस्त्यात माणसाला गाडीवरून उतरवून मारहाण करण्याचा परवाना मिळत नाही. तो गुन्हा स्वतंत्र आहे.

जंगम म्हणजे काय, इथे काळ सर्वांत जोरात धावला. जमीन चोरता येत नाही, पण जमिनीपासून वेगळं झालेलं सारं चोरता येतं. उभं झाड जंगम नाही. तोडून वेगळं केलं की ते जंगम होतं आणि त्या क्षणी चोरी घडते. गोदावरीच्या वाळूचं तसंच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की नदीपात्रातली वाळू सरकारच्या संमतीशिवाय उपसणं ही खाण कायद्याच्या भंगाखेरीज चोरीही आहे, आणि पोलीस तिचा स्वतंत्र गुन्हा नोंदवू शकतात. पैठणपासून खाली गोदाकाठच्या गावांना या निवाड्याचं मोल सांगायला नको. विजेची गोष्ट उलट आहे. तिला जंगम वस्तू मानत नाहीत, म्हणून आकडा टाकणाऱ्यावर २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली कारवाई होते. संगणकातल्या माहितीबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं होतं की माहिती तंत्रज्ञान कायदा लागू असेल तिथे दंड संहितेचं चोरीचं कलम जोडीला लावता येणार नाही. आता नव्या संहितेनं जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून 'मूर्त' हे विशेषण काढून टाकलं आहे. हा बदल लहान दिसत असला, तरी पुढच्या दहा वर्षांतले सर्वांत मोठे वाद त्याच्यावरच होतील, असं मला वाटतं.

आता विश्वासानं दिलेल्या वस्तूंकडे येऊ. सराफानं कारागिराला सोनं स्वतःच्या हातानं दिलं. ते संमतीनं गेलं, म्हणून पळून गेलेला कारागीर चोर नव्हे, तर फौजदारीपात्र न्यासभंगाचा आरोपी. पूर्वी या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता ३१६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत आहे. कापडाच्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा एक निवाडा आहे. मुंबईतल्या एका रंगाई गिरणीनं वस्त्र आयुक्तांकडून पगडीचं कापड रंगवायला घेतलं, त्यातलं सुमारे एक लाख तीस हजार यार्ड परत दिलंच नाही, आणि कापड जुनं झालं, कसर-वाळवीनं खाल्लं, असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये म्हटलं की माल सोपवला होता हे सिद्ध झालं आणि सोपवून घेणाऱ्यानं हिशेब दिला नाही किंवा खोटा दिला, तर माल नेमका कुठे गेला हे फिर्यादीला दाखवावं लागत नाही. म्हणून कारागिराला सोनं देताना वजन आणि तारीख लिहिलेली सहीची चिठ्ठी घ्यावी. माल सोपवला होता हे सिद्ध करायला तीच लागते.

दुकानातल्या नोकराची गोष्ट मात्र निराळी. गादीवर बसलेल्या नोकराच्या हातातला माल कायद्यानं मालकाच्याच ताब्यात असतो. त्यानं ठाण उचलून नेलं तर ३०६ व्या कलमाखाली नोकरानं केलेली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. वसुलीला पाठवलेल्या मुनिमानं आणलेली रक्कम भरलीच नाही, तर न्यासभंग. भागीदाराचा प्रश्न आणखी नाजूक आहे. साठच्या दशकातल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भागीदारीच्या मालमत्तेत प्रत्येक भागीदाराचा वाटा असतो. एखादी रक्कम खास करार करून त्याच्यावर सोपवली नसेल, तर त्यानं ती वापरणं न्यासभंग होत नाही, हिशेब दिवाणी न्यायालयात मागायचा. स्त्रीधनाबाबत मात्र न्यायालयानं १९८५ मध्ये ठाम भूमिका घेतली. सुनेचे दागिने सासरच्यांकडे असले तरी ते तिचेच, आणि मागूनही ते न देणं हा न्यासभंग. कपाटाच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असणाऱ्या घरांत हा निवाडा अजून पुरेसा पोचलेला नाही.

फसवणुकीत वस्तू संमतीनंच जाते, पण ती संमती खोटं बोलून मिळवलेली असते. न्यासभंगाहून तिचा फरक काळाचा आहे. फसवणुकीत लबाडी सुरुवातीपासून हवी. न्यासभंगात वस्तू सरळपणे हाती येते, लबाडी नंतर शिरते. म्हणून एकाच घटनेला दोन्ही कलमं सरसकट लावता येत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा बजावलं आणि इतक्या वर्षांनंतरही पोलीस व न्यायालयं हा फरक पाहत नाहीत याबद्दल नाराजी व्यक्त केली. विकलेल्या मालाचे पैसे आले नाहीत, एवढ्यानं न्यासभंग होत नाही. औरंगपुऱ्यातल्या घाऊक व्यापाऱ्याची थकलेली उधारी बहुतेक वेळा दिवाणी दाव्याचाच विषय असते. ओटीपीच्या जाळ्यात गेलेले पैसे हे मात्र फसवणुकीचं सरळ उदाहरण. तिथे खातं गोठवणं हा पहिला उपाय, आणि बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलेलं आहे. अशा वेळी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पैसा तासाभरातही चार खाती ओलांडून जातो.

विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाखांहून अधिक रक्कम गेल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये शहराला कळलं. एका कंत्राटी कर्मचाऱ्यानं बँकेला बनावट पत्र देऊन खात्याशी जोडलेला ईमेल बदलून घेतला, असा आरोप आहे. गावभर त्याला चोरी म्हटलं गेलं. कायद्याच्या नजरेनं इथे खोटं पत्र आहे, त्याला भुललेली बँक आहे आणि नोकरीमुळे मिळालेली संधी आहे. म्हणजे बनावट दस्तऐवज, फसवणूक, आणि रक्कम त्याच्यावर सोपवलेली होती असं दिसलं तर न्यासभंग. आरोप सिद्ध व्हायचे आहेत.

सापडलेल्या वस्तूबद्दल थोडक्यात. रस्त्यावर पडलेली अंगठी कुणाच्याच ताब्यात नसते, म्हणून ती उचलणं चोरी नाही. पण मालक ओळखता येत असताना किंवा त्याला शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ती वापरली, तर तो ३१४ व्या कलमाखाली अपहार, आणि नव्या संहितेत त्याला किमान सहा महिन्यांची कैद आहे. रिक्षात राहिलेल्या बॅगेत आधार कार्ड असेल, तर 'मालक कोण ते कळलं नाही' हे म्हणणं टिकत नाही.

बळ आलं की चोरीचं रूप पालटतं. चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना, त्याच हेतूनं इजा केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर जबरी चोरी. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि हमरस्त्यावर सूर्यास्तानंतर व सूर्योदयाआधी झाली तर चौदा. भीती घालून माणसाकडूनच वस्तू द्यायला लावली, तर खंडणी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर दरोडा. वर्तमानपत्रं मोठ्या घरफोडीलाही दरोडा म्हणतात, पण कायद्याला रकमेशी कर्तव्य नाही, त्याला माणसांची संख्या आणि बळ हवं. मे २०२५ मध्ये बजाजनगरातल्या एका उद्योजकाच्या बंगल्यातून सुमारे साडेपाच किलो सोनं आणि ३२ किलो चांदी गेली. तिथे राखणदाराला बांधून, धाक दाखवून टोळीनं ऐवज नेला, म्हणून तो दरोडा. बंगला रिकामा असता, तर तेवढाच ऐवज जाऊनही ती घरफोडीच राहिली असती.

सोनसाखळीचा झटका साधी चोरी आणि जबरी चोरी यांच्या मधे लोंबकळत होता. साधी चोरी म्हणावी तर अन्याय, जबरी चोरी म्हणावी तर इजेचा पुरावा हवा. नव्या संहितेनं ३०४ व्या कलमात हिसकावणं हा स्वतंत्र गुन्हा केला, हे चांगलं झालं. पण त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आहे. मंगळसूत्र ओढताना बाईच्या मानेला वळ उठला, ती गाडीवरून पडली, तर ती जबरी चोरी होऊ शकते. अशा वेळी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि जखम फिर्यादीत लिहून घ्यायचा आग्रह धरावा.

घरफोडीला कुलूप तुटलेलंच हवं असा समज आहे. तो चुकीचा. खिडकीतून शिरणं, बनावट किल्लीनं कुलूप उघडणं, बंद दाराची कडी सरकवणं हीदेखील घरफोडीच. पण विमा कंपनीचं पत्रक कायद्याहून वेगळं बोलतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की पॉलिसीत बळजबरीनं प्रवेश ही अट असेल आणि बळाचा मागमूस नसेल, तर चोरी खरी असूनही भरपाई मिळणार नाही. दुकानाचा विमा उतरवताना ही अट वाचून घ्या.

आता ज्या तरतुदीबद्दल मला मनापासून तक्रार आहे तिच्याकडे येतो. नव्या संहितेनुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानं माल किंवा किंमत परत दिली, तर शिक्षा समाजसेवेची. पोटापायी पहिल्यांदा हात चुकलेल्या पोराला तुरुंगात सडवू नये, या विचाराचं मी स्वागत करतो. पण त्याबरोबर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, अनुसूचीनं अशी चोरी अदखलपात्र करून टाकली. म्हणजे ठाण्यात फक्त अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, लिहिली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत.

याचा परिणाम मंडईत उभं राहून पाहावा. पक्क्या दुकानाच्या गल्ल्यातून तीन हजार गेले, तर ती मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतली चोरी. तिला ३०५ वं कलम लागतं, किमतीची अट नाही, गुन्हा दखलपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्याच दुकानासमोर हातगाडी लावणाऱ्या बाईच्या पिशवीतून तेवढेच तीन हजार गेले, तर एनसी. तिचं भांडवलच तेवढं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे माल उचलायला तिच्याकडे पैसे नसतात. पाच हजार हा आकडा दुकानदाराच्या खिशाकडे पाहून ठरवला आहे, हातगाडीकडे पाहून नाही. शिवाय किंमत कशी धरायची, खरेदीची की आजची, हे कलमात सांगितलेलं नाही, त्यामुळे जुना मोबाइल गेलेल्या माणसाला पाच हजारांच्या खाली ढकलणं सोपं होतं. शिक्षा सौम्य ठेवूनही गुन्हा दखलपात्र ठेवता आला असता. संसदेनं अनुसूचीतली ही एक ओळ दुरुस्त करावी.

चोरीचा माल घेणाऱ्याचा गुन्हा ३१७ व्या कलमात आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणं, किंवा तसं मानायला सबळ कारण असणं, याशिवाय तो सिद्ध होत नाही. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडला, तो समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. पावतीविना आणि ओळखपत्र न घेता मोड घेणाऱ्या सराफाला अशा खुलाशाखेरीज वाचवणारी दुसरी गोष्ट नाही. उलट बाजूही आहे. सर्वांना मोकळ्या असलेल्या शेतातून ऐवज निघाला, एवढ्यावर तो आरोपीच्या ताब्यात होता असं म्हणणं कठीण, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्येच सांगितलं आहे.

आणि माल मिळाल्यावर? मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षं धूळ खाणाऱ्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमानुसार माल न्यायालयासमोर आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं वर्णनपत्रक व छायाचित्रं करायची आणि पुढच्या तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. पण अर्ज आपणच करावा, वाट पाहत बसू नये.

ठाण्यात गेलात तर कलमाच्या नावावरून वाद घालू नका, ते ठरवणं पोलिसांचं काम आहे. वस्तू कुणाच्या ताब्यात होती, कुठून गेली, तुम्ही दिली की घेतली गेली, धक्का बसला का, जखम झाली का, हे आपल्या शब्दांत सांगा आणि सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्या. चोरीला गेलेल्या वस्तूसाठी 'गहाळ' असा दाखला घेऊन घरी येऊ नका. दखलपात्र गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यानं ती नोंदवायला नकार दिला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच १७३ व्या कलमाप्रमाणे वरिष्ठांना लेखी कळवता येतं, आणि त्यानंतरही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं.